घरून डोमेन कंट्रोलर उघडत नाहीये? व्हीपीएनला शिव्या देण्याआधी हे बघा

गुरुवारी भोसरी एमआयडीसीला सुट्टी, त्यात मेंटेनन्ससाठी दिवसभर लाईट बंद, आणि शुक्रवारी सकाळी मी कोथरूडहून व्हीपीएन (घरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये जायचा सुरक्षित रस्ता) लावून आमच्या डोमेन कंट्रोलरवर, म्हणजे कंपनीचे सगळे यूजर आणि पासवर्ड सांभाळणाऱ्या विंडोज सर्व्हरवर, रिमोट पॉवरशेल (दुरून कमांड चालवायची विंडो) उघडायला गेलो तर ते काही उघडेना. यूजर्स अँड कम्प्युटर्स हे यूजर सांभाळायचं टूल मात्र मस्त उघडत होतं, लिस्ट दिसत होती, पासवर्ड रिसेट होत होता. प्लांटमधल्या पोराला फोन केला तर तो म्हणतो, "दादा, इथून तर चालतंय." झालं, मी धरलं व्हीपीएनला, आणि दोन तास तिथेच गेले. खरं कारण भलतीकडेच होतं, ते पुढे सांगतो, पण तेव्हापासून मी एक क्रम पक्का केलाय: आधी नाव, मग पोर्ट (सर्व्हरवरचा प्रत्येक सेवेचा नंबर असलेला दरवाजा), मग सर्व्हरचं फायरवॉल प्रोफाइल (कुठल्या नेटवर्कवर कुणाला आत घ्यायचं त्याचे नियम), आणि परवानगी अगदी शेवटी. बहुतेक जण परवानगीपासून सुरू करतात आणि घाबरून कुणालातरी डोमेन अ‍ॅडमिन करून टाकतात, ते अजिबात करू नका.

नावापासून सुरू करा. घरी लॅपटॉपला डीएनएस (नावावरून आयपी पत्ता शोधून देणारी सेवा) मिळतो तो घरच्या राउटरचा, आणि त्या बिचाऱ्याला तुमचं आतलं डोमेन माहीतच नसतं. व्हीपीएन लागल्यावर आयपीकॉन्फिग ऑल मारून बघा की व्हीपीएनच्या अ‍ॅडाप्टरवर डोमेन कंट्रोलरचा डीएनएस आलाय का. मग एनएसलुकअप उघडून टाइप एसआरव्ही (कुठली सेवा कुठल्या सर्व्हरवर आहे ते सांगणारी नोंद) ठेवा आणि अंडरस्कोर एलडॅप, डॉट, अंडरस्कोर टीसीपी, डॉट, डीसी, डॉट, अंडरस्कोर एमएसडीसीएस, डॉट आणि पुढे डोमेनचं नाव असं विचारा. उत्तरात तुमच्या डोमेन कंट्रोलरची नावं आली पाहिजेत. नुसता पिंग होतोय म्हणून खूश होऊ नका, कारण टूल्सना डोमेन कंट्रोलर शोधायला हीच एसआरव्ही नोंद लागते. म्हणूनच लॅपटॉपच्या होस्ट्स फाईलमध्ये नाव आणि आयपी टाकायचा जुगाड इथे अर्धवट चालतो, आणि अर्धवट चालणारी गोष्ट शोधायला सगळ्यात जास्त वेळ खाते. दुसरा डीएनएस म्हणून गूगलचा टाकून ठेवायची सवय असेल तर तीही मोडा, त्याला तुमच्या डोमेनबद्दल विचारलं की तो सरळ "असं नाव नाही" सांगतो.

आयपी टाकून उघडतं आणि नाव टाकून उघडत नाही असं झालं तर डीएनएस तर बघाच, पण घड्याळही बघा. आयपी दिला की विंडोज सहसा केर्बेरॉस (तिकिटावर ओळख पटवायची पद्धत) सोडून एनटीएलएम या जुन्या पद्धतीवर जातं, म्हणजे केर्बेरॉसचा प्रॉब्लेम तिथे झाकला जातो. केर्बेरॉसला घड्याळात डिफॉल्टने ५ मिनिटांपर्यंतचाच फरक चालतो.

आता पोर्ट. पॉवरशेलमध्ये टेस्ट-नेटकनेक्शन वापरा, पण ते फक्त टीसीपी तपासतं हे लक्षात ठेवा. गंमत अशी की प्रत्येक टूलचा दरवाजा वेगळा आहे, त्यामुळे एक टूल उघडलं म्हणजे सगळं ठीक आहे असं होत नाही. यूजर्स अँड कम्प्युटर्सला मुख्यतः ३८९ लागतो आणि केर्बेरॉससाठी ८८. एडीचं (अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी, म्हणजे डोमेनची यूजर यादी) पॉवरशेल मॉड्यूल आणि अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह सेंटर ९३८९ वरून बोलतात, त्यामुळे लिस्ट दिसते पण गेट-एडीयूजर चालत नाही असं झालं तर आधी हा पोर्ट, आणि सर्व्हरवर अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी वेब सर्व्हिसेस चालू आहे का ते बघा. रिमोट पॉवरशेल सेशनला ५९८५. आणि "आरपीसी सर्व्हर इज अनअव्हेलेबल" आलं तर १३५ सोबत ४९१५२ ते ६५५३५ ही रेंजसुद्धा, नुसता १३५ उघडून भागत नाही, कारण १३५ फक्त पुढचा पोर्ट कुठला ते सांगतो.

तर त्या शुक्रवारी माझ्याकडे ३८९ उघडा, ९३८९ उघडा, ५९८५ बंद. प्लांटमधून मात्र ५९८५ उघडा. इथे मी थांबून विचार करायला हवा होता. त्या पोराला सर्व्हरच्या कन्सोलवर बसवून गेट-नेटकनेक्शनप्रोफाइल चालवायला सांगितलं आणि तो म्हणाला, "दादा, पब्लिक लिहिलंय." तिथे डोमेनऑथेंटिकेटेड असायला पाहिजे होतं. लाईट आल्यावर सर्व्हर चालू झाला, आपण डोमेनच्या नेटवर्कमध्ये आहोत हे त्याला सुरू होताना कळलंच नाही, आणि त्याने नेटवर्क पब्लिक धरलं. आणि पब्लिक प्रोफाइलमध्ये रिमोट मॅनेजमेंटचा डिफॉल्ट नियम फक्त त्याच सबनेटमधल्या (नेटवर्कच्या त्याच तुकड्यातल्या) मशीनला आत घेतो! प्लांटचं मशीन त्याच सबनेटमध्ये, माझा व्हीपीएनचा आयपी वेगळ्या सबनेटचा, म्हणून त्याला चालतंय आणि मला नाही.

नेटवर्क लोकेशन अवेअरनेस ही सर्व्हिस रिस्टार्ट केली आणि प्रोफाइल जागेवर आलं. विंडोज सर्व्हर २०२५ च्या डोमेन कंट्रोलरवर रीस्टार्टनंतर असाच प्रॉब्लेम येत होता हे मायक्रोसॉफ्टने २०२५ मध्ये मान्य केलं होतं, तिथे नेटवर्क अ‍ॅडाप्टर रिस्टार्ट करायचा उपाय दिला होता. पण अ‍ॅडाप्टरला हात लावायचा तर सर्व्हरसमोर माणूस उभा असल्याशिवाय लावू नका, तो परत वर आला नाही तर तुम्ही कोथरूडमध्ये आणि सर्व्हर भोसरीत, मधे नाशिक फाट्याचं ट्रॅफिक. आणि वैतागून फायरवॉलच बंद करणं किंवा ३८९ थेट इंटरनेटला उघडणं, हे दोन्ही कितीही घाई असली तरी नको, त्या मशीनवर सगळ्या कंपनीचे पासवर्ड आहेत.

एवढं करून "अ‍ॅक्सेस डिनाइड" आलं तर ते खरं तर बरं लक्षण आहे, म्हणजे नाव आणि रस्ता दोन्ही ठीक आहेत. तुम्हाला नुकतंच एखाद्या ग्रुपमध्ये घातलं असेल तर व्हीपीएन चालू ठेवून लॅपटॉप लॉक करा आणि परत अनलॉक करा, किंवा केएलिस्ट पर्ज (साठवलेली केर्बेरॉस तिकिटं पुसणारी कमांड) मारून सेशन नव्याने उघडा, कारण ग्रुपची माहिती जुन्या तिकिटात नसते. लॅपटॉप डोमेनमध्ये नसेल आणि रनअ‍ॅज नेटओन्ली (फक्त नेटवर्कवर दुसऱ्या अकाउंटने जायची कमांड) वापरत असाल तर अजून एक: तो सुरुवातीला पासवर्ड तपासतच नाही, चुकीचा टाकला तरी विंडो उघडते आणि मग प्रत्येक क्लिकला चुकीचा पासवर्ड जाऊन अकाउंट लॉक होऊ शकतं. तसं वाटलं तर विंडो बंद करून पासवर्ड नीट टाकून परत सुरू करा.

आता मी दर गुरुवारी संध्याकाळी लाईट आली की घरूनच ५९८५ तपासून ठेवतो, दहा सेकंदांचं काम आहे.