गोड्या पाण्यातले मासे खाऱ्या पाण्यात नेताना या चुका टाळा

तिलापियासारखा मासा गोडं आणि खारं, दोन्ही पाणी सोसतो, म्हणून त्याला थेट समुद्राच्या पाण्यात सोडणं ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. समुद्राचं पाणी (३५ पीपीटी, म्हणजे हजार भागांत ३५ भाग क्षार) माशाच्या रक्तापेक्षा सुमारे तिप्पट तीव्र असतं. अंगातलं पाणी बाहेर ओढलं जातं, ते भरून काढायला मासा खारं पाणी पितो आणि जादा मीठ कल्ल्यांतल्या खास पेशी बाहेर टाकतात. या पेशी पुरेशा घडाव्यात यासाठी कॉर्टिसॉल (ताणात वाढणारं संप्रेरक) आणि वाढ-संप्रेरक मिळून काम करतात. कॉर्टिसॉल काही तासांतच वाढतं, पण पेशी तयार व्हायला काही दिवस जातात. म्हणून रोज ५ पीपीटीपेक्षा जास्त वाढवू नका आणि २० च्या पुढे प्रत्येक टप्प्याला दोन दिवस द्या. १,००० लिटरला ५ पीपीटी म्हणजे साधारण ५ किलो मीठ. ते वेगळ्या भांड्यात विरघळवून हळूहळू सोडा आणि रिफ्रॅक्टोमीटरने (क्षारता मोजायचं उपकरण) मोजा.

ताणाने कॉर्टिसॉल वाढतं, मग मासे हाताळलेले बरेच, हा समज घातक आहे. ताणात ॲड्रेनॅलिनही वाढतं, कल्ल्यांतून पाणी आणि क्षारांची गळती वाढते. क्षारता बदलण्याच्या दिवसांत जाळं, प्रतवारी, वाहतूक काहीही नको.

नुसतं खाण्याचं मीठ वापरू नका. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम जवळपास नसतं, आणि कॅल्शियम कमी पडलं की कल्ले जास्त गळतात. हवाही वाढवा: २५ अंश सेल्सिअसला गोड्या पाण्यात प्रतिलिटर सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, समुद्राच्या पाण्यात ६.८ च्या आसपासच.

सॅमनच्या बाबतीत वेळच सगळं ठरवते. पिल्लू चंदेरी दिसलं म्हणजे समुद्राच्या पाण्यासाठी तयार झालं असं नाही. काही पिल्लं २४ तास ३५ पीपीटीत ठेवून रक्तातलं सोडियम तपासा. ते १७० मिलिमोल प्रतिलिटरच्या आत राहिलं तर तयारी चांगली. ही संधी थोडेच आठवडे टिकते आणि कोमट पाण्यात आणखी लवकर संपते.

परत गोड्या पाण्यात आणतानाही हीच घाई नडते. तिथे क्षार धरून ठेवायला प्रोलॅक्टिन हे संप्रेरक लागतं, आणि खाऱ्या पाण्यात ते खाली गेलेलं असतं.

मासे काळपट, सुस्त झाले, खाणं सोडलं, तर पुढचा टप्पा थांबवा. पाणी १० ते १२ पीपीटीवर आणा. ही तीव्रता रक्ताच्या जवळची असल्याने कल्ल्यांवरचा भार सर्वांत कमी होतो. खायला लागल्यावरच पुन्हा वाढवा.