एकटीच्या पानासाठी उन्हाळी कोशिंबीर : तयारीची यादी

नागपुरात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास पोहोचला की दुपारी शेगडीपुढे उभे राहण्याची इच्छा उरत नाही, आणि घरात जेवणारे माणूस एकच असेल तर जेवणच टाळले जाते. दोन वर्षांपूर्वीचा मे महिना मी दुपारच्या चहा-बिस्किटांवर काढला. संध्याकाळी डोके जड व्हायचे, चिडचिड व्हायची, आणि त्याचे खापर मी उन्हावर फोडत राहिले. पुढच्या उन्हाळ्यापासून दिवसातून एकदा स्वतःसाठी कोशिंबीर करण्याचा नेम मी धरला आहे. पानाच्या डाव्या बाजूला चमचाभर वाढतात तेवढी नव्हे, तर पोट भरेल अशी वाडगाभर. खालची तयारी त्या एका वाडग्याची आहे.

पहिले काम आठवड्यातून एकदाच करायचे. वाटीभर शेंगदाणे मंद आचेवर डाग न पडू देता भाजावेत, गार झाल्यावर साले पाखडून टाकावीत आणि जाडसर कूट करून घट्ट झाकणाच्या बरणीत फ्रीजमध्ये ठेवावे, कारण उन्हाळ्यात बाहेर ठेवलेले कूट लवकर खवट होते. ज्यांना दाणे चालत नाहीत त्यांनी भाजलेले तीळ किंवा जवस कुटून ठेवावे. जवसाची चव काकडीला चांगली लागते.

बाजारात सकाळी लवकर जावे. काकडी बोटांना टणक लागणारी, बारीक आणि कोवळ्या बियांची घ्यावी. वाळूक दिसले तर तेही घ्यावे. त्याबरोबर दोन घट्ट टोमॅटो, एक कैरी, लिंबे, हिरव्या मिरच्या, मिळाला तर पांढरा कांदा आणि सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, एक जुडी पुरते. तीन-चार दिवसांपुरतीच खरेदी करावी. जास्त आणलेली भाजी मऊ पडते आणि मऊ काकडी पाहून कोशिंबिरीचा बेतच रद्द होतो, हा माझा अनुभव आहे. कोथिंबीर न धुता, सुती फडक्यात गुंडाळून ठेवल्यास अधिक टिकते.

पोट भरण्यासाठी मूग हवेत. पाव वाटी मूग आदल्या सकाळी भिजत घालावेत, रात्री उपसून ओल्या फडक्यात बांधावेत. उन्हाळ्यात सकाळपर्यंत बारीक मोड दिसू लागतात. मोड येण्यासाठी लागणारा ओलावा आणि ऊब जंतूंनाही मानवते, म्हणून हे मूग कच्चे न घालता चांगली वाफ आणून मगच वापरावेत.

चिरण्याचे काम सकाळी नऊच्या आत, हवा अजून सुसह्य असताना, पंख्याखाली बसून करावे. हात, विळी आणि भाज्या आधी वाहत्या पाण्याखाली स्वच्छ धुवाव्यात. काकडीच्या देठाकडची चकती कापून चाखून पाहावी, कारण कडवटपणा बहुतेक तिथेच साठलेला असतो. त्यापुढची फोडही कडू निघाली तर ती काकडी बाजूला टाकावी. काकडी किसू नये. ती हातात धरून उभे-आडवे बारीक घाव घालत चोचवावी, म्हणजे प्रत्येक कणाला थोडा कुरकुरीतपणा राहतो आणि दाताखाली काकडी आहे हे कळते. काकडीत सुमारे 95 टक्के पाणी असते आणि मीठ लागताच ते बाहेर ओढले जाते, म्हणून मीठ या वेळी अजिबात घालायचे नाही. कांदा, टोमॅटो आणि काकडी वेगवेगळ्या झाकणाच्या डब्यांत भरून लगेच फ्रीजमध्ये ठेवावी. हवा 32 अंशांच्या वर असताना चिरलेली भाजी तासाभराहून अधिक वेळ बाहेर राहू देऊ नये. शेगडी पेटलेली आहे तोवर छोटा चमचाभर तेलात मोहरी, जिरे, हिंग आणि एका मिरचीचे तुकडे घालून फोडणी करून वाटीत काढून ठेवावी, म्हणजे दुपारी शेगडीजवळ जावेच लागत नाही.

जेवणाच्या वेळी डबे समोर मांडावेत आणि आज आपल्याला काय हवे आहे, हा प्रश्न स्वतःला खरोखर विचारावा. माझ्या घरी आई सर्वांच्या आवडी पाठ असल्यासारखी कोशिंबीर कालवायची, एकाला कांदा वगळून, दुसऱ्याला साखर घालून. ती स्वतः शेवटी जेवायला बसायची तेव्हा भांड्यात बहुधा सुटलेले पाणी आणि दाण्याच्या कुटाचा गाळ उरलेला असायचा. तिला कशी आवडायची, हे मी कधी विचारले नाही. म्हणून या टप्प्यावर मी घाई करत नाही. भूक मेली असेल तर फक्त काकडी आणि ताजे, आंबट न झालेले दही घेते. सकाळपासून काम झाले असेल आणि भूक कडाडून लागली असेल तर मूग आणि दोन चमचे कूट घालते. तोंडाला चव नसेल तर पाव कैरी किसून, तिच्या आंबटपणाला सुपारीएवढा गूळ जोडते, आणि मग लिंबू व दही दोन्ही वगळते. उपवास असेल तर काकडी, कूट आणि तुपात जिरे-मिरचीची फोडणी एवढेच. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी गूळ-साखर टाळावी आणि ज्यांना डॉक्टरांनी मीठ कमी सांगितले आहे त्यांनी आंबट चव थोडी वाढवावी; मिठाची उणीव फारशी जाणवत नाही.

सर्व कालवून झाल्यावर, अगदी बसण्याच्या क्षणी, पाव छोटा चमचा मीठ भुरभुरावे आणि वरून गार फोडणी व कोथिंबीर घालावी. ओट्याशी उभ्याने खाऊ नये. पाट किंवा खुर्ची, पाण्याचा तांब्या आणि हवी असल्यास एक पोळी घेऊन बसावे, फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा. शेवटी वाडग्याच्या तळाशी लिंबू-मिठाचे, हिंगाच्या वासाचे पाणी साचते. ते ओतून देऊ नये; वाडगा दोन्ही हातांनी उचलून प्यावे.