गोल गोष्ट शिकवताना कासव घ्या

दुसरी-तिसरीच्या मुलांना जिथून निघाली तिथेच परत येणारी गोष्ट लिहायला शिकवताय ना, मग आधी ड्रॉइंग पेपरवर ताट ठेवून गोल काढायला लावा, त्याचे ६ भाग करा. पहिल्या भागात प्राणी घरी, आणि शेवटचा भाग पण लगेच भरून घ्या, कारण मुलं मध्ये रमतात आणि परत यायचं राहूनच जातं. मधल्या ४ भागांत आधी फक्त चित्रं, वाक्यं नंतर. आपल्या गोव्यात ऑलिव्ह रिडले कासव एकदम बेस्ट! मोरजी, गालजीबागच्या वाळूत अंडी, पिल्लं समुद्रात, मग मोठी झालेली मादी अंडी घालायला परत किनाऱ्यावर. फक्त शेवटच्या चित्रात काहीतरी बदललेलं हवं, पहिल्या चित्रातलं इवलंसं पिल्लू आता आई झालंय असं.