विद्यापीठाच्या ऑनलाइन अध्ययन प्रणालीसाठी वापरकर्ता-संशोधनाचा आराखडा कसा करावा

ऑनलाइन अध्ययन प्रणालीविषयी तक्रारी वाढू लागल्या की विद्यापीठात बहुधा एक समिती नेमली जाते, समिती गूगल फॉर्म तयार करते, त्याची लिंक वर्गाच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरते आणि आठवड्याभरात जमलेल्या प्रतिसादांवरून ‘बहुसंख्य विद्यार्थी समाधानी आहेत’ असा अहवाल तयार होतो. ज्याला पासवर्ड बदलता आला नाही, ज्याचा स्वाध्याय शेवटच्या रात्री अपलोड होता होता अडकला किंवा ज्याने दुसऱ्या सत्रानंतर नाद सोडला, तो विद्यार्थी त्या फॉर्मपर्यंत पोहोचलेलाच नसतो. सुधारणा मात्र त्याच्यासाठीच करायची असते. म्हणून आराखड्याच्या प्रत्येक टप्प्यावर, जो समोर दिसत नाही त्याच्यापर्यंत आपण कसे पोहोचणार आहोत, हा प्रश्न विचारत राहावा.

आधी निर्णय, मग प्रश्न

‘विद्यार्थ्यांचा अनुभव जाणून घेणे’ हे उद्दिष्ट इतके मोघम आहे की त्यातून काहीही निघू शकते आणि काहीच न निघाले तरी कोणाला फरक पडत नाही. त्याऐवजी विभागप्रमुख, संगणक कक्ष आणि परीक्षा विभाग यांच्याशी बसून एवढेच विचारावे, की येत्या सत्रात तुम्ही नेमके काय बदलू शकता आणि ते बदलायचे की नाही हे ठरवण्यासाठी तुम्हाला काय कळायला हवे. समजा, दूरस्थ शिक्षण विभागात स्वाध्याय ऑनलाइन स्वीकारले जातात आणि दरवर्षी अंतिम मुदतीच्या दिवशी मदतकक्षाचा फोन थांबत नाही. मग निर्णय असा असू शकतो: मुदत टप्प्याटप्प्याने द्यावी का, अपलोडची पायरी बदलावी का, की अभ्यासकेंद्रावर कागदी स्वाध्याय स्वीकारण्याची सोय ठेवावी? या तीन पर्यायांना तीन वेगळ्या प्रकारची माहिती लागते आणि आराखड्याची दिशा तिथेच ठरते.

आपल्या हातात काय आहे, हेही याच वेळी पाहून घ्यावे. अनेक विद्यापीठे मूडल वापरतात. 2002 मध्ये पहिली आवृत्ती आलेली ही मुक्त-स्रोत प्रणाली असल्यामुळे तिची मांडणी, भाषा आणि सूचना विद्यापीठाला स्वतः बदलता येतात. परीक्षा अर्जाचे किंवा शुल्काचे पोर्टल मात्र बऱ्याचदा बाहेरच्या कंत्राटदाराचे असते. विद्यार्थ्याच्या लेखी हा भेद अस्तित्वातच नसतो. ‘सर, साइट चालत नाही’ या एका वाक्यात प्रवेश, शुल्क, अभ्याससाहित्य, स्वाध्याय आणि निकाल यांपैकी काहीही दडलेले असू शकते. त्यामुळे संशोधनाची कक्षा प्रणालीच्या नावावरून न ठरवता विद्यार्थ्याच्या कामावरून ठरवावी: ‘स्वाध्याय तयार झाल्यापासून तो मिळाल्याची खात्री होईपर्यंत’ अशा शब्दांत.

कागदोपत्री जे आहे ते आधी वाचावे

कोणाला भेटण्यापूर्वी मदतकक्षाच्या नोंदी, आलेल्या ईमेल आणि प्रणालीतील लॉग (कोणी केव्हा काय उघडले याच्या आपोआप होणाऱ्या नोंदी) तपासावेत. मदतकक्षाच्या नोंदवहीत तक्रार कोणत्या शब्दांत लिहिली आहे, ते जसेच्या तसे उतरवून घ्यावे, कारण पुढे प्रश्न तयार करताना हेच शब्द उपयोगी पडतात. लॉगचा अर्थ लावताना मात्र सावध राहावे. एकाने पीडीएफ उतरवून घेऊन गटावर टाकली की उरलेले चाळीस जण ती तिथूनच वाचतात, आणि लॉगमध्ये एकच भेट दिसते. उलट, पान उघडे ठेवून विद्यार्थी स्वयंपाकघरात गेला असेल तर तोही वेळ नोंदीत अभ्यास म्हणून गणला जाण्याची शक्यता असते. लॉगमुळे कुठे पाहायचे ते कळते. ते तसे का घडले, हे विचारायला माणसाकडेच जावे लागते.

कोणाला भेटायचे

या भागावर सर्वांत जास्त वेळ द्यावा. शाखा आणि वर्ष यांनुसार विद्यार्थी निवडणे सोपे असते, पण प्रणाली वापरताना येणारी अडचण शाखेवर क्वचितच अवलंबून असते. फोन स्वतःचा आहे की घरातल्या तिघांचा मिळून एक, अभ्यासाची वेळ कोणती, मराठी टंकलेखन येते का, अभ्यासकेंद्र किती लांब आहे, यांवरून गट पाडले तर चित्र अधिक खरे उमटते. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठासारख्या, 1989 पासून नोकरदार, गृहिणी आणि शिक्षण अर्धवट सुटलेल्यांसाठी चालणाऱ्या विद्यापीठाचा विचार केला, तर एकाच अभ्यासक्रमात एमआयडीसीतला दुसऱ्या पाळीचा कामगार, सासरी राहून पदवी पूर्ण करणारी महिला आणि स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा तरुण शेजारीशेजारी असू शकतात, हे लगेच ध्यानात येते.

यादीत तीन प्रकारच्या लोकांना मुद्दाम जागा ठेवावी. पहिले म्हणजे ज्यांनी गेल्या दोन महिन्यांत लॉगिनच केलेले नाही असे विद्यार्थी. त्यांची नावे प्रणालीतूनच मिळतात, पण संपर्क मात्र फोनने आणि अभ्यासकेंद्रामार्फत करावा लागतो. दुसरे म्हणजे प्रणालीत साहित्य चढवणारे आणि स्वाध्याय तपासणारे प्राध्यापक, कारण विद्यार्थ्याला जे विस्कळीत दिसते ते पुष्कळदा प्राध्यापकाला दिसणाऱ्या पडद्यावरच विस्कटलेले असते. तिसरे सहसा कोणाच्या लक्षात येत नाहीत, ते म्हणजे विद्यार्थ्यांच्या वतीने काम करणारे: अभ्यासकेंद्राचे सहायक, नेट कॅफेचे किंवा महा-ई-सेवा केंद्राचे चालक, घरातला थोरला भाऊ. खात्याला जोडलेला मोबाइल क्रमांक नेट कॅफेवाल्याचा असेल, तर ओटीपी त्याच्याकडे जाणार आणि त्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने प्रणाली दुकानाच्या वेळेतच उघडी असणार. असा चालक एका तासात जे सांगेल ते शंभर फॉर्ममधून कळेलच असे नाही.

संख्येबद्दल ‘पाच वापरकर्ते पुरेत’ हे वाक्य वारंवार ऐकू येते. त्यामागे वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन आणि टॉमस लँडॉअर यांनी 1993 मध्ये मांडलेले गणित आहे: एका वापरकर्त्याच्या चाचणीत सरासरी 31 टक्के अडचणी उघड होत असतील, तर पाच जणांत सुमारे 85 टक्के उघड होतात. ही सरासरी त्यांनी पाहिलेल्या प्रकल्पांची आहे आणि वापरकर्ते साधारण एकसारखे असतील तरच हिशेब लागू पडतो, हे मात्र सांगायचे राहून जाते. आपले गट भिन्न असतील तर प्रत्येक गटातून चार-पाच जण घ्यावेत, आणि सगळ्यांना एकदाच न भेटता दोन-तीन फेऱ्यांत भेटावे, म्हणजे पहिल्या फेरीत सापडलेली चूक दुरुस्त करून दुसऱ्या फेरीत ती तपासता येते.

विचारावे कसे, पाहावे कसे

मुलाखत घेणारी व्यक्ती अंतर्गत गुण देणारी नसावी, ही अट आराखड्यात लेखी नोंदवावी. विषयाच्या सरांनी ‘पोर्टल कसे वाटते?’ असे विचारले तर ‘छान आहे, सर’ याखेरीज दुसरे उत्तर येण्याची अपेक्षाच करू नये. मतापेक्षा घटना विचारावी: ‘मागचा स्वाध्याय पाठवला तो दिवस आठवा. कुठे बसला होतात? फोन कोणाचा होता? पहिल्यांदा काय दाबले? मग काय झाले?’ ‘तुम्हाला कोणती नवी सुविधा हवी?’ हा प्रश्न शक्यतो टाळावा. त्यातून मागण्यांची लांबलचक यादी मिळते, पण अडचणीचे मूळ हाती लागत नाही.

मुलाखतीनंतर त्याच व्यक्तीला दोन-चार कामे करायला सांगून शांतपणे पाहावे. काम विद्यापीठाच्या संगणक कक्षात नव्हे, तर तिच्या स्वतःच्या फोनवर आणि तिच्याच डेटा पॅकवर व्हावे, कारण कक्षातल्या वायफायवर सगळेच सुरळीत चालते. पडद्यावर ‘सबमिट’ असे बटण असेल तर सूचनेत तो शब्द येऊ देऊ नये; ‘तुमचा स्वाध्याय सरांपर्यंत पोहोचवा आणि तो पोहोचला याची खात्री करून घ्या’ असे सांगावे. या वाक्याचा उत्तरार्ध महत्त्वाचा आहे. फाइल चढली, पण ती ‘मसुदा’ म्हणूनच राहिली, असा प्रकार मूडलमध्ये रचनेनुसार घडू शकतो, आणि विद्यार्थी मात्र आपले काम झाले असे समजून निर्धास्त असतो. माणूस अडखळला तर मदतीला धावू नये. किमान मिनिटभर थांबावे. शिकवण्याची सवय असलेल्यांना हे सर्वांत जड जाते.

मराठी साहित्याची एक खास परीक्षा आराखड्यात असावी. जुनी पुस्तके युनिकोडपूर्व (म्हणजे आजची प्रमाण अक्षर-संकेतप्रणाली न वापरणाऱ्या) फॉन्टमध्ये जुळवलेली असतील किंवा पानांची छायाचित्रे जोडून पीडीएफ केलेली असेल, तर डोळ्यांना मजकूर सुरेख दिसतो, पण शोध चालत नाही आणि टॉकबॅक किंवा एनव्हीडीए यांसारखी पडदा वाचून दाखवणारी साधने वापरणाऱ्या दृष्टिबाधित विद्यार्थ्याला अक्षरांची निरर्थक सरमिसळ ऐकू येते किंवा काहीच ऐकू येत नाही. अशा किमान दोन विद्यार्थ्यांसोबत प्रत्यक्ष बसावे. 2016 च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कविषयक कायद्याचा दाखला त्यानंतर अहवालात आपोआपच वजनदार होतो.

सर्वेक्षण शेवटी करावे, म्हणजे मुलाखतींतून सापडलेली अडचण किती जणांना येते हे मोजता येते. वापरसुलभतेसाठी जॉन ब्रूक यांनी 1986 मध्ये तयार केलेली दहा विधानांची एसयूएस (सिस्टिम युजेबिलिटी स्केल) प्रश्नावली सोयीची आहे. तिच्यात विषम क्रमांकाची विधाने अनुकूल आणि सम क्रमांकाची प्रतिकूल असतात आणि एकूण गुण 0 ते 100 यांत निघतात. हे गुण टक्केवारी नव्हेत. विविध प्रणालींवरील सरासरी 68 च्या आसपास मानली जाते. मराठी अनुवाद वापरण्याआधी चार-पाच जणांना मोठ्याने वाचायला लावावा, कारण अनुकूल-प्रतिकूल उलटापालटीत गोंधळ उडतो. घाईघाईत दहाही विधानांना 5 (पूर्ण सहमत) दिले तर बरोबर 50 गुण येतात. असे प्रतिसाद वेगळे काढून पाहावेत.

परवानगी, संमती आणि वेळापत्रक

कुलसचिवांची लेखी परवानगी आधी घ्यावी आणि विद्यार्थ्यांचे संपर्क क्रमांक कोण पाहणार, ध्वनिमुद्रण कुठे ठेवणार व केव्हा पुसणार, हे तिच्यातच नमूद करावे. संमतीपत्र मराठीत, एका पानाचे आणि वाचून दाखवता येईल असे असावे. भाग घेतला किंवा नाकारला तरी गुणांवर परिणाम होणार नाही, हे त्यातले पहिले वाक्य असावे. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालील व्यक्ती बालक ठरते, त्यामुळे प्रथम वर्षाचे सतरा वर्षांचे विद्यार्थी निवडले तर पालकांच्या संमतीचाही विचार करावा लागतो. मोबदला रिचार्ज किंवा प्रवासखर्च या रूपात द्यावा, अंतर्गत गुणांच्या रूपात कधीही नाही.

सहा आठवडे पुरतात: एक आठवडा निर्णय आणि नोंदी यांसाठी, एक परवानग्या व निवडीसाठी, दोन भेटींसाठी, एक सर्वेक्षणासाठी आणि एक मांडणीसाठी. मात्र हे सहा आठवडे परीक्षेत किंवा दिवाळीच्या सुट्टीत येऊ देऊ नयेत, आणि स्वाध्यायाच्या मुदतीचा आठवडा त्यांत जरूर यावा, कारण प्रणालीवरचा खरा ताण त्याच आठवड्यात दिसतो. पाळीत काम करणाऱ्यांसाठी रविवारची संपर्कसत्रे गाठावीत. खरी भेट सुरू होण्याआधी एका सहकाऱ्यावर सगळे प्रश्न घड्याळ लावून आजमावून पाहावेत. पंचेचाळीस मिनिटांत जे बसत नाही ते गाळावे.

निष्कर्ष मांडताना

पाहिलेले आणि त्यावरून वाटलेले वेगळ्या रकान्यांत लिहावे. ‘तिने परत मागे जाऊन फाइल पुन्हा चढवली’ हे पाहिलेले. ‘पोच न मिळाल्याने तिचा विश्वास बसला नाही’ हे आपले अनुमान, आणि ते तिला विचारून पडताळता येते. बारा जणांच्या चाचणीतून टक्केवारी काढू नये. ‘12 पैकी 7 जणांचा स्वाध्याय मसुद्यातच राहिला’ असे म्हणावे. अहवाल दोन पानांचा असावा, त्यात प्रत्येक अडचणीपुढे ती दूर करण्याची जबाबदारी कोणत्या विभागाची हे लिहावे आणि सुरुवातीला ज्या तीन पर्यायांतून निवड करायची होती त्यांपैकी कोणता निवडावा, हे स्पष्ट सांगावे. बदल झाल्यानंतर पुढच्या सत्राच्या मुदतीच्या आठवड्यात तीच कामे, त्याच शब्दांत, नव्या विद्यार्थ्यांना द्यावीत आणि या वेळीही निम्मी नावे लॉगिन न केलेल्यांच्या यादीतून घ्यावीत.