घाटातला कडा कसा वाचावा: दोन लाव्हांमधील तांबड्या पट्ट्याचा शोध

सह्याद्रीचा कडा लांबून एकाच काळ्या पाषाणाचा वाटतो. प्रत्यक्षात तो सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी एकावर एक येऊन थिजलेल्या लाव्हाप्रवाहांची चळत आहे. आजही या प्रवाहांखाली सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर प्रदेश आहे. घाटात थांबणाऱ्या बहुतेकांचे लक्ष काळ्या खडकाकडे जाते. माझ्या मते आधी वाचायला हवी ती दोन काळ्या थरांमधली, कधी वीतभर तर कधी पुरुषभर जाडीची तांबडी पट्टी, कारण प्रवाह वाहून थिजण्यास लागलेला काळ त्यांच्यामधल्या विश्रांतीच्या मानाने अल्प होता आणि त्या विश्रांतीची नोंद या पट्टीतच उरली आहे.

सुरुवातीसाठी पोलादपूरहून महाबळेश्वरला चढणारा आंबेनळी घाट निवडावा. भूशास्त्रज्ञांनी येथील वरच्या प्रवाहांचे जे तीन गट पाडले आहेत, त्यांची नावेच पोलादपूर, आंबेनळी आणि महाबळेश्वर अशी आहेत, आणि घाट चढताना ते याच क्रमाने खालून वर भेटतात. पावसाळ्यात दरडींमुळे येथे पायी थांबणे धोक्याचे असते. गवत वाळलेले आणि ऊन तिरपे असते ते दिवस, म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारी, सर्वांत चांगले. वाहन वळणावर उभे करू नये, सुट्या दगडांच्या कड्याखाली जाऊ नये आणि खडक फोडू नये; दहापट मोठे दाखवणारे भिंग, मोजपट्टी, वही, पाण्याची बाटली, जुनी सुरी आणि व्हिनेगरची लहान कुपी एवढ्यावर काम भागते.

पहिला अर्धा तास कड्याजवळ जाऊच नये. समोरच्या धारेवर बसून कड्याचे चित्र काढावे. उभे, उघडे भाग आणि त्यांच्यामधले झाडीचे आडवे टप्पे दिसतील. या पायऱ्यांवरूनच या खडकांना ‘ट्रॅप’ हे नाव मिळाले; मूळ शब्द स्वीडिश भाषेतला असून त्याचा अर्थ जिना. प्रवाहाचा मधला घट्ट भाग झिजेला दाद देत नाही म्हणून तो उभा राहतो, तर वरचा सच्छिद्र भाग आणि तांबडा थर लवकर झिजतात म्हणून तेथे टप्पा पडतो आणि माती धरून झाडे वाढतात. तेव्हा चित्रात प्रत्येक टप्प्याखाली प्रश्नचिन्ह करावे. त्यातल्या किती ठिकाणी खरी सीमा आहे हे जवळ गेल्यावरच कळते.

आता रस्त्याच्या कापात तांबडी पट्टी शोधावी. विहिरी खणणारे तिला गेरू म्हणतात आणि तिच्या खालच्या भोकाभोकांच्या खडकाला मांजऱ्या. पट्टीचा तुकडा बोटांत चुरडला तर तो सहज फुटतो आणि ओला केल्यावर चिकणमातीसारखा चिकटतो. मग नजर पट्टीच्या अगदी वरच्या काठावर न्यावी. पुष्कळदा तेथील काही सेंटिमीटर भाग बाकीच्या पट्टीपेक्षा गडद, विटेसारखा आणि कठीण लागतो: वरून आलेल्या तप्त लाव्हाने तो भाजला गेला आहे. खालचा काठ मात्र पुसट असतो, माती हळूहळू खालच्या मांजऱ्यात मिसळत जाते. वरचा काठ रेखीव आणि खालचा पुसट, ही खूण मला सर्वांत भरवशाची वाटते, कारण त्यातून दोन गोष्टी एकदम कळतात: खालचा प्रवाह उघडा पडून कुजत राहिला, आणि ते कुजणे एके दिवशी वरून झाकले गेले.

पट्टीच्या वर पुढच्या प्रवाहाचा तळ असतो. तेथे कधी पेन्सिलीएवढ्या जाडीच्या उभ्या नळ्या दिसतात. थिजणाऱ्या लाव्हातून वर निघालेल्या वायूची ती वाट. त्यांची वरची टोके एकाच बाजूला झुकलेली असली तर लाव्हा त्या दिशेने सरकत होता असा अंदाज बांधता येतो, मात्र त्यासाठी एक-दोन नव्हे तर बऱ्याच नळ्या पाहाव्यात. त्यावर घट्ट, काळा गाभा येतो आणि माथ्याकडे बुडबुड्यांची भोके वाढत जातात. या भोकांत नंतर पाण्याबरोबर आलेली पांढरी खनिजे भरलेली असतात. सुरीने ओरखडा न उठणारे बहुधा क्वार्ट्झ असते. ओरखडा उठलाच, तर थोडी भुकटी काढून तिच्यावर व्हिनेगरचा थेंब टाकावा: कॅल्साइट बारीक बुडबुडे सोडते, झिओलाइट सोडत नाही.

दोन ठिकाणी नवशिक्याची हमखास फसगत होते. महाबळेश्वर-पाचगणीच्या पठारांवरचा तांबडा, कठीण थर जांभा आहे. तो सर्व प्रवाह येऊन गेल्यानंतर माथ्यावर झालेल्या झिजेतून बनला, म्हणून तो दोन प्रवाहांमधल्या पट्ट्यांत मोजू नये. दुसरे असे की एकाच उद्रेकातला लाव्हा अनेकदा जिभांसारख्या तुकड्यांनी पुढे सरकतो आणि कापात त्या जिभा एकमेकींवर रचलेल्या दिसतात. त्यांच्यामध्ये माती नसेल तर मधला काळ थोडाच होता असे धरावे.

पट्टी जाड म्हणजे काळ मोठा, असे सरळ गणित मात्र करता येत नाही, कारण काही पट्ट्यांत ज्वालामुखीची राखही मिसळलेली आहे. हीच राख संशोधनाच्या कामी आली. तिच्यातल्या झिरकॉन नावाच्या सूक्ष्म स्फटिकांत युरेनियमचे शिसे होत जाते आणि त्यांच्या प्रमाणावरून वय काढता येते. 2019 मध्ये अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठाच्या गटाने या स्फटिकांवरून, तर बर्कले विद्यापीठाच्या गटाने बेसाल्टमधील, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या या काळ्या खडकातील, आर्गॉन वायूवरून पश्चिम घाटातल्या प्रवाहांची वये प्रसिद्ध केली. बहुतेक लाव्हा 10 लाख वर्षांच्या आत आला, यावर दोघांचे एकमत आहे. डायनोसॉर नष्ट झाले त्या सुमारास मेक्सिकोतील चिक्शुलूब येथे महाकाय अशनी आदळला; त्यापूर्वी किती लाव्हा आला आणि नंतर किती, यावर नाही. हा वाद महत्त्वाचा आहे, कारण उद्रेकांतून निघालेल्या कार्बन डायऑक्साइडने आणि गंधकयुक्त वायूंनी तेव्हाचे हवामान कितपत बदलले याचे उत्तर त्यावर अवलंबून आहे. त्याचा ताळा समुद्रतळाच्या गाळाशीही घेतला जातो. आंध्रातील राजमहेंद्रीजवळ तर लाव्हाच्या दोन थरांमध्ये फोरॅमिनिफेरा या सागरी एकपेशीय जीवांचे सूक्ष्म कवच असलेला गाळच सापडतो.

वहीत प्रत्येक पट्टीची जाडी, रंग, वरचा काठ भाजलेला आहे की नाही आणि समुद्रसपाटीपासूनची उंची लिहावी. दिशा होकायंत्राने घ्यायची असल्यास ते कड्याला टेकवू नये, कारण बेसाल्टमधील मॅग्नेटाइट या चुंबकीय खनिजामुळे सुई ढळते. रस्त्याच्या पलीकडे जाऊन दोन जागी मोजावे. शेवटी खालच्या गावात उतरून विहीर खणणाऱ्यांना विचारावे की गेरू किती फुटांवर लागला. हे प्रवाह जवळजवळ आडवे, एक अंशापेक्षाही कमी उताराचे आहेत, त्यामुळे विहिरीच्या तोंडाची उंची घेऊन तो आकडा वजा केला आणि घाटाच्या पायथ्याकडे नोंदवलेल्या एखाद्या पट्टीची उंची तेवढीच निघाली, तर दोन्ही जागा वहीत एका तुटक रेषेने जोडाव्यात आणि मधल्या ओढ्याच्या काठावर तीच पट्टी शोधायला जावे.