पेटीवरच्या ‘५२५ पट’ला भुलू नका: आयपीस घेताना या चुका टाळा

नवी दुर्बीण घेतलेल्यांची तक्रार बहुधा ठरलेली असते: चंद्र झकास दिसतो, पण शनी म्हणजे नुसता थरथरणारा पिवळट डाग. मग बिचाऱ्या दुर्बिणीला नावं ठेवणं सुरू. ती परत पाठवण्याआधी फोकसरमध्ये, म्हणजे आयपीस बसवायच्या नळीत, काय अडकवलंय ते बघा. ४ मिमीचा आयपीस (डोळा लावायचं भिंग) आणि वर ३ पट बार्लो (पट वाढवणारं जोडभिंग) असेल, तर दुखणं तिथेच आहे.

दुर्बीण किती पट मोठं दाखवते याचा हिशेब साधा आहे. दुर्बिणीच्या फोकल लेंथला (भिंगापासून प्रकाश एकवटतो तिथवरच्या अंतराला) आयपीसच्या फोकल लेंथने भागायचं. ७० मिमी व्यासाची, ७०० मिमी फोकल लेंथची दुर्बीण असेल तर २५ मिमीने २८ पट, १० मिमीने ७० पट, ४ मिमीने १७५ पट. त्याला बार्लो जोडला की ५२५. पेटीवर ठळक छापतात तो आकडा हाच. पण दुर्बिणीला झेपतं ते व्यासाच्या मिलिमीटरच्या साधारण दुप्पट, म्हणजे इथे १४० पट, आणि तेही हवा स्थिर असेल तर. त्यापुढे तपशील वाढत नाही, तेवढाच प्रकाश पसरून फिका होतो. हुमणात पाणी ओतलं म्हणून त्यातले मासे वाढत नाहीत. शिवाय १७५ पटीला फोकसची चकती नुसती धरली तरी चित्र नाचतं, आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे ग्रह मिनिटभरात नजरेआड होतो.

म्हणून सुरुवात कायम २५ मिमीने करा. गुरूचे चार मोठे चंद्र त्यातही दिसतात. कृत्तिकेतले ठळक तारे त्यात ऐसपैस मावतात, १० मिमीत मावत नाहीत. शनीला ७० पट भरपूर झाले. मार्च २०२५ मध्ये त्याची कडी नेमकी कडेने आपल्याकडे वळली होती. त्यानंतर ती वर्षागणिक उघडत चालली आहेत, तेव्हा अजून बारीक दिसली तर आयपीसला दोष देऊ नका.

पैसे खर्चायचेच असतील तर पेटीतल्या १० मिमीच्या जागी चांगला प्लॉसल (चार भिंगांचा आयपीस) घ्या. दुसरी खरेदी २ पट बार्लो. २५ आणि १० मिमीबरोबर तो २८, ५६, ७० आणि १४० अशा चार पायऱ्या देतो. त्याच्या जोडीला १२.५ मिमीचा आयपीस घेणं म्हणजे एकच गोष्ट दोनदा विकत घेणं, कारण बार्लोसकट २५ मिमी तेवढेच ५६ पट देतो. घेण्याआधी फोकसरचं तोंड मोजा: हल्ली बहुतेक १.२५ इंची असतात, जुन्या लहान दुर्बिणींना ०.९६५ इंची लागतात. उलटं चित्र सुलटं करणारी १.५ पट इरेक्टिंग लेन्स माडाचा शेंडा सरळ दाखवायला ठीक, रात्री ती काढूनच ठेवा.

चष्मेवाल्यांनी एक बघावं. १० मिमीच्या प्लॉसलमध्ये डोळा भिंगापासून जेमतेम ७ मिमीवर न्यावा लागतो, तिथे चष्मा आड येतो. नुसता जवळचा किंवा लांबचा नंबर असेल तर चष्मा काढून फोकस करा. तिरका (सिलिंड्रिकल) नंबर जास्त असेल तर मात्र २५ मिमी आणि बार्लो ही जोडीच सोयीची. पणजीत असोसिएशन ऑफ फ्रेंड्स ऑफ अॅस्ट्रॉनॉमीच्या आकाशदर्शनाला जाऊन आधी दुसऱ्याच्या आयपीसमधून पाहिलंत, तर बरेच पैसे वाचतील.

आता आपल्या गोव्याची खास दुखणी. एसीच्या खोलीतून आयपीस थेट गच्चीवर आणला की भिंगावर वाफ धरते. ती शर्टाने पुसू नका, विशेषतः किनाऱ्यावर. वाळूचा एक कण पुरे, भिंगावरचा लेप ओरखडलाच. झाकण लावून थोडा वेळ बाहेर ठेवा, वाफ आपोआप जाते. दिवसभर तापलेल्या स्लॅबवर संध्याकाळी ग्रह उकळल्यासारखे दिसतात. रात्र चढू द्या किंवा अंगणात उतरा. आणि पावसाळा! जूनमध्ये स्पंजच्या पेटीत बंद केलेला आयपीस चवथीनंतर काढावा, तर भिंगावर बुरशीची कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी. हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवा आणि त्याचा रंग बदलला की जेल बदला.

काही स्वस्त संचांत आयपीसला मागून लावायची काळी ‘सन’ काच असते. दुर्बिणीने एकवटलेल्या उन्हात ती तडकते आणि क्षणात डोळा जाऊ शकतो. ती फोडून फेकून द्या. सूर्य बघायचा तर दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर नीट बसणारा सौर फिल्टरच हवा.