ऐरोलीची फ्लेमिंगो बोट : रविवार बघून नको, तिथी बघून जा

दरवर्षी जानेवारी उजाडला की ऑफिसमध्ये, सोसायटीत, नातेवाईकांत कुणीतरी मला विचारतंच की अगं ती ठाणे खाडीत फ्लेमिंगो बघायला नेणारी बोट कशी करायची, किती पैसे लागतात, मुलांना नेलं तर चालेल का. दर वेळी तेच फोनवर सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवते. मी कळव्याला राहते, माझं ऑफिस ऐरोलीला आहे आणि गेली काही वर्षं सीझनमध्ये तीन-चार फेऱ्या तरी होतातच, त्यामुळे यातलं बरंचसं अनुभवाने शिकलेलं आहे.

पहिली फेरी माझी वाया गेली होती, ते आधी सांगते कारण बहुतेकांची तीच चूक होते. रविवार होता, सगळ्यांना सुट्टी होती, स्लॉट मिळाला म्हणून आम्ही सहा जण गेलो, बोट सुटली तेव्हा खाडी काठोकाठ भरलेली, नुसतं पाणीच पाणी. लांबवर दोन-चार ठिपके दिसले, बाकी बगळे आणि कुरव, म्हणजे सीगल. भाचा रडवेला झाला. बोटीवरचे काका, मूळचे दिव्याच्या कोळीवाड्यातले, शांतपणे म्हणाले की ताई, पाणी भरलं की तो उभा कुठे राहणार, त्याला चिखल लागतो ना, तिथी बघून यायचं. तेव्हापासून मी सुट्टी नंतर बघते, तिथी आधी.

म्हणजे असं बघा. फ्लेमिंगो, आपल्याकडचं नाव रोहित, हा चोच उलटी धरून चिखलातलं आणि उथळ पाण्यातलं खाणं गाळून खातो. ओहोटीला खाडीचा चिखल उघडा पडतो तेव्हा सगळा थवा तिथे चरत असतो, पण तेव्हा बोट जाऊ शकत नाही कारण जेट्टीला पाणीच नसतं. पूर्ण भरतीला बोट आरामात जाते पण पक्षी उठून दुसरीकडे बसायला गेलेले असतात. तुम्हाला पाहिजे ती मधली वेळ, पाणी चढत असताना, म्हणजे बोट तरंगण्याइतकं पाणी आलंय पण चिखलाच्या कडा अजून बाहेर आहेत आणि चढतं पाणी पक्ष्यांना एका जागी गोळा करत आणतंय. नाहीतर पाणी उतरायला लागल्यावरची तशीच मधली वेळ. बोटीच्या वेळा म्हणूनच रोज बदलतात, आज सकाळी असतील तर आठवड्याने दुपारी.

आता तिथीवरून भरती काढायचा कोळ्यांचा जुना हिशेब, हा एकदा पाठ झाला की जन्मभर पुरतो. जी तिथी असेल त्याला पाऊणने गुणायचं, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. पंचमी असेल तर पाच गुणिले पाऊण, म्हणजे पावणेचार, पहाटे पावणेचार आणि दुपारी पावणेचार अशी दोनदा भरती. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशेब तोच. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, द्वादशीला नऊ, त्रयोदशीला पावणेदहा. हे मुंबईच्या किनाऱ्याचं ढोबळ गणित आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं आणि खाडीत आतवर पाणी पोचायला आणखी थोडा वेळ लागतो, त्यामुळे शेवटी मोबाइलवरच्या भरतीच्या टेबलशी ताडून घ्यायचंच. पण महिनाभर आधी भिंतीवरचं कॅलेंडर बघून कुठले दिवस आपल्या कामाचे हे या हिशेबाने दोन मिनिटांत कळतं.

माझ्या मते सगळ्यात चांगले दिवस एकादशी ते त्रयोदशी. भरती सकाळी आठ ते दहाच्या आसपास येते, म्हणजे पाणी चढत असताना कोवळं ऊन असतं, वारा कमी असतो आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ऐरोली खाडीच्या पूर्व काठावर आहे त्यामुळे सकाळी भांडुपच्या बाजूला बघताना सूर्य तुमच्या पाठीशी राहतो आणि पक्ष्यांचा गुलाबी रंग खरा दिसतो. तेच पंचमी-षष्ठीला दुपारच्या भरतीवर गेलात तर पश्चिमेला बघताना उजेड थेट डोळ्यात, नुसत्या काळ्या आकृत्या दिसतात. आणि एक, अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाणी फार चढतही नाही आणि फार उतरतही नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, तेव्हा पाणी साडेचार मीटरच्या वर जाऊ शकतं आणि झपाट्याने चढतं, त्यामुळे ती मधली वेळ फार थोडी मिळते, त्या दिवसांत स्लॉट नीट बघून घ्या.

सीझनचं म्हणाल तर थंडी सुरू झाली की पक्षी यायला लागतात आणि पावसाच्या तोंडावर मे अखेर-जूनपर्यंत निघून जातात, बरेचसे कच्छच्या रणाकडे, त्यांची वीण तिकडे होते. नोव्हेंबरात घाई करू नका, थवे अजून भरलेले नसतात. फेब्रुवारी ते एप्रिल सगळ्यात बरं, त्यातही मार्चचा पहिला पंधरवडा मला आवडतो कारण थवे मोठे असतात आणि ऊन अजून सोसवतं. शिवाय तेव्हा स्थलांतर करून आलेले बाकीचे पक्षीही इथेच असतात.

पैशाचं बोलू. ऐरोलीला वनविभागाचं किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्र आहे, बोट तिथूनच सुटते आणि मॅन्ग्रोव्ह फाउंडेशन ते चालवतं. बुकिंग ऑनलाइन करून ठेवा, वीकेंडचे स्लॉट लवकर भरतात. वीकडेचं तिकीट वीकेंडपेक्षा स्वस्त पडतं आणि गर्दीही नसते, त्यामुळे रजा टाकायचीच असेल तर मंगळवार-बुधवारची टाका, त्या दिवशी बोटीत पुढे बसायला मिळण्याची शक्यता जास्त. छोटी बोट आणि मोठी बोट असे प्रकार असतात. छोटीत माणसं कमी, त्यामुळे सगळ्यांना दिसतं, थोडे पैसे जास्त पडले तरी मी छोटीच घेते, इथे कंजुषी करू नका, कंजुषी बाकीच्या ठिकाणी करा. स्वतःची गाडी किंवा कॅब अजिबात नको. ठाण्याहून ट्रान्स हार्बरची लोकल पकडून ऐरोलीला उतरा, मधे फक्त दिघा गाव स्टेशन येतं, तिकीट चहाच्या पैशात, स्टेशनवरून चौघांत रिक्षा. रिक्षावाल्याला नुसतं फ्लेमिंगो सेंटर म्हणा, कळतं. मागच्या मार्चमध्ये आई, मी, बहीण आणि भाचा असं चौघांचं सगळं धरून अडीच हजारांच्या आत झालं. एकादशी होती त्यामुळे आईचा उपास, मग सगळ्यांनीच साबुदाण्याची खिचडी आणि राजगिऱ्याचे लाडू डब्यात नेले, बाहेर खाण्याचा खर्च शून्य. फक्त ते बोटीत उघडायचं नाही, परत आल्यावर खायचं.

निघायच्या आधी केंद्रातलं टॉयलेट वापरून घ्या, बोटीत सोय नसते आणि फेरी तासभराची असते, ज्येष्ठ लोक बरोबर असतील तर हे आधीच सांगून ठेवा. लाइफ जॅकेट घालावंच लागतं आणि ते बोट परत जेट्टीला लागेपर्यंत काढायचं नाही. टोपी गळ्याशी दोरी बांधता येईल अशी घ्या, उघड्या खाडीत वारा बराच असतो. खाडीला वास येतो, हे मुलांना आधी सांगा म्हणजे नाक धरून बसणार नाहीत. वेळेच्या अर्धा तास आधी पोचा, पाणी कुणासाठी थांबत नाही आणि बोटीला पाण्याप्रमाणे सुटावं लागतं.

दुर्बीण मात्र पाहिजेच. विकत घ्यायची नसेल तर कुणाकडून तरी मागून आणा, पण ८x४२, म्हणजे आठ पटीची, मिळाली तर उत्तम. दहा किंवा बारा पटीची दुर्बीण हलत्या बोटीत इतकी थरथरते की काही दिसत नाही, लोकांना वाटतं जेवढा आकडा मोठा तेवढं चांगलं, बोटीत उलट असतं. मोबाइलने फोटो काढत बसू नका, लांबचे गुलाबी ठिपके येतात आणि तेवढ्यात समोरची मजा हुकते. कॅमेरा असेल तर ३०० एमएम लेन्स आणि शटर स्पीड हजारच्या वर ठेवा.

आता बघायचं काय. इथे दोन जातीचे रोहित येतात. छोटा रोहित जास्त गुलाबी, चोच गडद लाल, लांबून काळीच वाटते. मोठा रोहित उंच, मान लांबलचक, अंग पांढरट, चोच फिकट गुलाबी आणि फक्त टोक काळं. दोघं शेजारी शेजारी उभे असले की फरक लगेच कळतो. मधेच राखाडी-मळकट पक्षी दिसले तर ते आजारी नाहीत, ती पिल्लं आहेत, गुलाबी रंग खाण्यातून येतो आणि अंगावर चढायला काही वर्षं जातात. थवा उडाला की पंखांखालचा लाल आणि काळा रंग दिसतो, तो बघून भाच्याच्या तोंडून शब्दच फुटला नव्हता.

पण सगळा वेळ फ्लेमिंगोच बघू नका. लाल लांब पायांचा शेकाट्या, वर वळलेल्या चोचीचा उचाट्या, ब्लॅक टेल्ड गॉडविटचे थवे जे एकदम वळले की सगळे एकाच वेळी चमकतात, ब्राह्मणी घार, नशीब असेल तर मासा पकडणारा कैकर. बोट काठाजवळून जाते तेव्हा तिवरांच्या मुळांकडे बघा, चिखलातून बोटांसारखी वर आलेली ती मुळं श्वास घ्यायला असतात, त्यांच्यामध्ये निवट्या उड्या मारताना दिसतील आणि एकच नांगी मोठी असलेले छोटे खेकडे. कांदळवनात कोल्हेही आहेत. मला ते दोनदाच दिसले, दोन्ही वेळा पाणी उतरताना काठावर.

मुलांना सांगण्यासारखं थोडं. या खाडीच्या साधारण १७ चौरस किलोमीटरला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर केलं, मालवणनंतरचं हे राज्यातलं दुसरं सागरी अभयारण्य. २०२२ मध्ये ठाणे खाडी रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेली, महाराष्ट्रातली तिसरी, आधी नांदूर मधमेश्वर आणि लोणार. आपण रोज लोकलमधून ज्या खाडीवरून नाक मुरडत जातो ती ही. शहराचं सांडपाणी खाडीत येतं, त्याच्या पोषणावर शेवाळ वाढतं आणि ते खायला छोटे रोहित येतात, हे ऐकून बरं वाटावं की वाईट हे मला अजून ठरवता आलेलं नाही, पण थव्याच्या पायाशी प्लास्टिकच्या पिशव्या तरंगताना बघून पोटात तुटतं एवढं खरं.

एक गोष्ट हात जोडून सांगते. बोटवाल्या दादांना अजून जवळ घ्या, त्यांना उडवा, असं म्हणू नका. मी एकदा अशा ग्रुपमध्ये होते, लोकांनी ओरडून टाळ्या वाजवून शेकडो पक्षी उठवले, फोटो छान आले असतील पण ते पक्षी परत त्या जागी बसलेच नाहीत. त्यांना खायला मिळणारी वेळ पाण्याने आधीच मोजून दिलेली असते, त्यातली आपण उडवून वाया घालवतो. उलट दादांना म्हणा की लांबूनच इंजिन बंद करा, आपण थांबतो. ते ऐकतात, त्यांनाही ते आवडतं. इंजिन बंद झालं की थव्याची कुजबुज ऐकू येते, बदकांसारखी घोगरी, शेकडो गळ्यांतून एकत्र, ती ऐकण्यासाठी मी तिकीट काढते म्हटलं तरी चालेल.

बोटीचं बजेट नसेल तर मग उलटा हिशेब करा. पूर्ण भरतीला खाडीतून उठलेले पक्षी नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळ जागांवर येऊन बसतात, डीपीएस शाळेमागचा तलाव आणि टी. एस. चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेचा परिसर. म्हणजे बोटीसाठी जी वेळ वाईट तीच इथे चांगली. लोकलने सीवूड्स नाहीतर नेरूळला उतरायचं, भरतीच्या वेळी काठावर शांत उभं राहायचं, खर्च फक्त प्रवासाचा. बांधावरून खाली उतरू नका, बस्स.

आणि ज्यांना नुसतीच बोट हवी त्यांनी हिवाळ्यात उरणजवळच्या मोरा बंदरातून भाऊच्या धक्क्याची लाँच पकडावी, ती रोजच्या प्रवाशांची लाँच आहे, कुरवांचे थवे आणि सुरय (टर्न) बरोबर येतात. तिथे आणि घारापुरीच्या बोटीवर लोक कुरवांना चिप्स, गाठ्या टाकतात, ते करू नका, मुलांनाही करू देऊ नका, मासे खाणाऱ्या पक्ष्याच्या पोटात मीठ-मसाला कशाला.

आदल्या संध्याकाळी केंद्रात एकदा फोन करून बोट सुटणार आहे ना आणि वेळ तीच आहे ना हे विचारून घ्या, वारा जास्त असला की फेरी पुढे-मागे होते. आणि फोन केलाच आहे तर पाणी चढत असताना सुटणारा स्लॉट कुठला तेही विचारा, ते लगेच सांगतात.